एका सतरा अंकी संख्येची कुळकथा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, सारखीच. एकपासून नऊपर्यंत ती पायरीपायरीने चढते आणि त्याच पायऱ्यांनी एकवर उतरते. पण ती मोठ्याने वाचायची कशी? आजच्या व्यवहारातली मराठी कोटीपाशी थांबते. त्यापुढे 'लाख कोटी', 'कोटी कोटी' अशी जोडकामे करावी लागतात. अंदाजपत्रकाच्या बातम्यांत ती रोज कानावर पडतात.

आपल्या जुन्या गणितींना ही अडचण नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. या नावांनी आपली संख्या सरळ वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. परार्धाच्या अगदी एक पायरी अलीकडे ती थांबते.

भास्कराचार्यांनी आपले गाव विज्जडविड सांगितले आहे. विज्जडविड म्हणजे बीड, असे एक मत मांडले गेले आहे. बीडकराला ते पटावेसे वाटणारच. पण त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, आणि त्यामुळे पारडे पाटणच्या बाजूने झुकते. गाव कोणतेही असो, मोठ्या संख्येला नाव देण्याची हौस या मुलखाला जुनी आहे.

नाव दिले म्हणजे ओळख झाली असे मात्र होत नाही. माणसाची ओळख आपण नावाबरोबर गाव, कुळ, सोयरीक विचारून करून घेतो. संख्येचेही तसेच आहे. ती कोणत्या संख्यांनी भागली जाते, कशाचा वर्ग आहे, तिच्या अंकांची बेरीज काय सांगते, ती कोणापासून 'जन्मली', हे प्रश्न विचारले की तिचे वर्ग पडू लागतात. या लेखात या एकाच संख्येला हे प्रश्न विचारायचे आहेत. कागद, पेन्सिल आणि शाळेतला गुणाकार-भागाकार एवढ्या भांडवलावर प्रत्येक पायरी वाचकाला स्वतः तपासता येईल.

शिखर कसे उभे राहते

नऊ एकक ओळीने लिहा: १११११११११. या संख्येचा तिनेच गुणाकार करा. शाळेत शिकवलेल्या रीतीने, एकाखाली एक, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवत मांडा. नऊ ओळी होतील आणि प्रत्येक ओळीत फक्त एकच एक. आता उभ्या स्तंभांची बेरीज करा. उजवीकडच्या टोकाच्या स्तंभात एकच एक आहे, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा. कुठेही हातचा येत नाही. म्हणून उत्तर स्वच्छ शिखरासारखे येते: १२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ एककांच्या जागी दहा घेतले तर? मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा एक पुढे जातो आणि शिखर ढासळते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणजे एक, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या शिखरांच्या मालिकेतले आपले शिखर नववे आणि शेवटचे. त्याच्यापुढे दहाच्या पायावरच्या लेखनात असे शिखर नाही.

या मालिकेचे कौतुक नवे नाही. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन, एकापासून सहापर्यंत वाढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असे केले आहे. ही सहा एककांच्या संख्येचा वर्ग. महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. मराठवाडा त्या वेळी त्याच राष्ट्रकूटांच्या राज्यात होता.

देवळालीचे मास्तर

या मालिकेला आधुनिक गणितात नाव मिळाले ते नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढे गणिताचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. अनेक पुस्तिका त्यांनी पदरचे पैसे घालून छापल्या. विद्यापीठांतल्या बऱ्याच गणितींना हे काम पोरखेळ वाटत असे. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीचे नाव जगभरच्या संख्याप्रेमींना कळले. १९८६ मध्ये कापरेकर वारले.

बहुतेकांना कापरेकर माहीत असतात ते ६१७४ या स्थिरांकामुळे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. पण कापरेकरांचे खरे काम याहून मोठे आहे. संख्यांची वर्गवारी करण्याच्या नव्या कसोट्या त्यांनी शोधल्या.

त्यातला पहिला वर्ग डेम्लो संख्यांचा. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. त्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. मधल्या भागात एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि दोन्ही बाजूंच्या भागांची बेरीज केली की तोच अंक सगळीकडे येतो. २५५३ घ्या: मध्ये ५५, बाजूंना २ आणि ३, बेरीज ५. आपल्या संख्येचे भाग पाडा: डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बाजूंची बेरीज ९९९९९९९९. शिखरांच्या या मालिकेला कापरेकरांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हणजे अद्भुत डेम्लो म्हटले. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी त्यावर लिहिले.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांचा वर्ग वेगळा. संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. मग नऊ एककांची संख्या या वर्गात बसते का? तिच्या वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज येते ९९९९९९९९९. हवी होती १११११११११, आली तिच्या बरोबर नऊपट. म्हणजे ती कापरेकर संख्या नाही, मात्र तिच्या वर्गाचे तुकडे जोडून आलेली नऊ नवांची संख्या स्वतः कापरेकर संख्या आहे.

विभाजकांचे गोत्र

आता अंकांकडे न पाहता संख्येच्या पोटात शिरू. नऊ एककांची संख्या म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, तिचे आणखी अवयव पडत नाहीत. म्हणून नऊ एककांची संख्या = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि तिचा वर्ग म्हणजे आपली संख्या = तीनचा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

एवढ्या अवाढव्य संख्येच्या पोटात फक्त तीन मूळ संख्या आहेत. या मांडणीवरून तिला किती संख्यांनी निःशेष भाग जातो ते चटकन सांगता येते. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, कारण ती वर्गसंख्या आहे. विभाजक जोडीजोडीने येतात, वर्गमूळ मात्र स्वतःचीच जोडी असते.

ग्रीकांनी संख्यांचे तीन वर्ग केले होते. संख्येला भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सर्व संख्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती परिपूर्ण (६ = १ + २ + ३), जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. आपली संख्या न्यून आहे. तिच्या लहान विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त, सुमारे साडेत्रेपन्न टक्के भरते. तिचे मूळ अवयव थोडे आणि मोठे आहेत, त्यामुळे बेरीज वाढायला वावच नाही.

आनंद देणारी

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. १७२९ ही हार्डी आणि रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीतली संख्या हर्षद आहे: १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत या संख्यांविषयी सांगितले. तेव्हापासून पाश्चात्त्य पुस्तकांत त्या 'निव्हेन संख्या' म्हणूनही येतात. हर्षद हे नाव त्याआधीचे.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिला ८१ ने भाग जातो का? भागाकार मांडायचीही गरज नाही. नऊ एककांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग गेलाच पाहिजे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

ही १२३४५६७९ लहानपणी अनेकांनी पाहिलेली असते. तिला नऊने गुणले की नऊ एक येतात, अठराने गुणले की नऊ दोन. तिच्यात ८ हा अंक नाही. तीही हर्षदच निघते: अंकांची बेरीज ३७, आणि ती संख्या म्हणजे ३७ × ३३३६६७.

हर्षद असणे हे सगळ्या शिखरांच्या नशिबी नाही. नऊ शिखरांपैकी पहिले (१), तिसरे (१२३२१) आणि नववे एवढीच तीन हर्षद आहेत. १२१ ची बेरीज ४, विषम संख्येला ४ ने भाग जाणार नाही. दहा एककांच्या वर्गाची, म्हणजे ढासळलेल्या शिखराची, अंकबेरीज ८२. तीही सम, आणि संख्या विषम. तेव्हा हर्ष तिथेच संपला.

हर्षद संख्या ओळीने किती येऊ शकतात, हा प्रश्न साधा दिसतो. १९९३ मध्ये कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी सिद्ध केले की लागोपाठ एकवीस संख्या हर्षद असू शकत नाहीत. वीस असू शकतात, पण अशा वीसच्या ओळी इतक्या दूर आहेत की त्यांतली पहिली लिहायला चव्वेचाळीस अब्जांहून जास्त अंक लागतील.

जनक आणि स्वयंभू

कापरेकरांची सर्वांत खोल कल्पना मला ही वाटते. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ + ४ + ७ = ५८. इथे ४७ ही ५८ ची जनक. ५८ पासून ७१, ७१ पासून ७९, अशी वंशावळ पुढे चालते. पुढे जाणे नेहमीच शक्य आहे. मागे जाणे मात्र प्रत्येक वेळी जमत नाही. २० ला जनक शोधा, सापडणार नाही. ज्यांना जनक नाही त्या स्वयंभू. कापरेकरांचा इंग्रजी शब्द 'सेल्फ नंबर', पण ज्यांनी परळीच्या वैजनाथापासून गावच्या महादेवापर्यंत स्वयंभू लिंगे पाहिली आहेत, त्यांना हा मराठी शब्द समजावून द्यावा लागत नाही. कोणी घडवले नाही, आपले आपण प्रकटले, ते स्वयंभू. शंभरच्या आत असे तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

काहींना एकाहून जास्त जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. कापरेकरांनी अशा संख्यांना 'जंक्शन' म्हटले. २०२५ हे साल असेच जंक्शन आहे: २०१६ + ९ आणि १९९८ + २७. २०१६ ला मागे २००७ जनक आहे, आणि २००७ स्वयंभू.

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे ठरवायला तिच्या आधीच्या सगळ्या संख्या तपासायच्या का? आपल्या सतरा अंकी संख्येपुढे ते जन्मभर पुरणार नाही. कापरेकरांनी त्यासाठी छोटी वाट काढली. कोणतीही संख्या आणि तिची अंकबेरीज यांना नऊने भागल्यास बाकी सारखीच उरते. म्हणून जनकात त्याची अंकबेरीज मिळवली की बाकी अंकबेरजेच्या दुपटीची असते. आपल्या संख्येला नऊने भाग जातो, तेव्हा जनकाची अंकबेरीज नऊच्या पाढ्यातलीच हवी. शिवाय सतरा अंकांची बेरीज १५३ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे तपासायच्या संख्या सतराच: ९, १८, २७ असे करत १५३ वजा केल्यावर येणाऱ्या.

त्यातही कष्ट कमी होतात. एवढी वजाबाकी करताना फक्त शेवटचे तीन अंक बदलतात. ३२१ पासून ते १६८ पर्यंत उतरतात. पहिले चौदा अंक तसेच राहतात, त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची बेरीज या पट्ट्यात ६ किंवा १५ एवढीच येते. म्हणून जनकाची अंकबेरीज ८१ किंवा ९० असू शकते, तिसरी शक्यता नाही.

९० वजा करून पाहू. शेवट २३१, बेरीज ७५ + ६ = ८१. हवी होती ९०. जमले नाही. ८१ वजा करू. शेवट २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जमले.

तेव्हा आपल्या संख्येला एक आणि एकच जनक आहे: १२३४५६७८९८७६५४२४०. या जनकाची अंकबेरीजही ८१, आणि तिलाही ८१ ने भाग जातो. हर्षदाचा जनक हर्षद.

आता एक पिढी मागे. या जनकाचा जनक कोण? रीत तीच. शेवटचे तीन अंक २४० पासून ०८७ पर्यंत उतरतात, बेरीज पुन्हा ६ किंवा १५, म्हणून पुन्हा ८१ किंवा ९० या दोनच शक्यता. ८१ वजा केले तर शेवट १५९, बेरीज ७५ + १५ = ९०, जुळत नाही. ९० वजा केले तर शेवट १५०, बेरीज ७५ + ६ = ८१, तेही जुळत नाही. जनक नाही. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ही स्वयंभू संख्या आहे, आणि शेवटचे अद्भुत डेम्लो शिखर तिचे थेट अपत्य आहे.

शिखरांच्या सगळ्या मालिकेला असे कुळ नाही. १ आणि १२१ स्वतःच स्वयंभू आहेत. १२३२१ चा जनक १२३१२, पण तो स्वयंभू नाही, त्याला १२३०३ आणि १२२९४ असे दोन जनक आहेत.

परार्धापलीकडे

कापरेकर एवढ्यावर थांबले नव्हते. दोन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १०१. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या एकावर बारा शून्ये आणि शेवटी १, चौदा अंकी. चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या त्यांनी ७ जून १९६१ रोजी शोधली. ती पंचवीस अंकी आहे: एकावर एकवीस शून्ये आणि शेवटी १०२. 'लीलावती'तली नावे अठराव्या स्थानी संपतात, ही संख्या त्यापलीकडे सात घरे जाते.

तिचे चार जनक असे. पहिला, १ वर बावीस शून्ये आणि शेवटी ९१: अंकबेरीज ११. दुसरा, १ वर एकवीस शून्ये आणि शेवटी १००: अंकबेरीज २. तिसरा, बावीस नऊ आणि शेवटी ०२: अंकबेरीज २००. चौथा, एकवीस नऊ आणि शेवटी ८९३: अंकबेरीज २०९. चारही ठिकाणी बेरीज करून पाहा, उत्तर तेच येते. शाळेत तास घेणाऱ्या शिक्षकाने, संगणक न वापरता, पंचवीस अंकांच्या रानात ही एक संख्या नेमकी हुडकली. ती रीतीच्या जोरावर सापडली, नुसत्या चिकाटीने सापडली नसती.

संख्येचा गुण की लिपीचा?

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण घेतले. उलट लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच. कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण गणितीला त्यात रस वाटावा असे काही नाही, असे त्यांचे म्हणणे. कारण असे गुण संख्येचे नसतात, ती दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या सवयीचे असतात. आपल्याला बोटे दहा आहेत, आठ असती तर ही सगळी नवलाई मोडून पडली असती.

आक्षेपात तथ्य आहे. आपल्या संख्येचे ४५ विभाजक, तिचे वर्ग असणे, न्यून असणे हे गुण कोणत्याही पायात लिहिले तरी टिकतात. शिखर, हर्षद, जनक हे गुण अंकांवर उभे आहेत. म्हणून ते दहाच्या सवयीचा अपघात ठरतात का, हे तपासायला हवे.

आठ बोटांच्या माणसांचा विचार करू. ते ० ते ७ एवढेच अंक वापरतील आणि आठ '१०' असे लिहितील. त्यांचे शेवटचे शिखर सात एककांच्या वर्गाचे: १२३४५६७६५४३२१. अंकबेरीज ४९. आठाच्या पायात सात एककांच्या संख्येला सातने भाग जातो, जसा दहाच्या पायात नऊ एककांना नऊने जातो. म्हणून वर्गाला ४९ ने भाग जातो. त्यांचेही शेवटचे शिखर हर्षद निघाले. हे कोणत्याही पायात असेच घडते: पाया काहीही असो, त्याहून एकने कमी एवढ्या एककांचा वर्ग हे शेवटचे शिखर, आणि ते हर्षद.

आणि स्वयंभू जनक? आठाच्या पायात ४९ हे '६१' असे लिहितात. त्यांच्या शिखराच्या शेवटच्या ३२१ मधून ६१ वजा करा, आठाचा हातचा घेऊन. उत्तर २४०. दहाच्या पायात ३२१ मधून ८१ वजा करून आलेले तेच अंक. बेरीज पुन्हा ६, अंकबेरीज पुन्हा ४९. म्हणजे जनक सापडला, आणि त्याचा शेवट तोच. आता त्या जनकाचा जनक शोधा. अंकबेरजेच्या शक्यता पुन्हा दोनच, ४९ किंवा ५६. ४९ वजा केले तर शेवट १५७, अंकबेरीज ५६. ५६ वजा केले तर शेवट १५०, अंकबेरीज ४९. दोन्ही हुकतात. आठाच्या पायातही शेवटच्या शिखराचा जनक स्वयंभू आहे.

आठ आणि दहा या दोनांचा हा योगायोग नाही. आठ किंवा त्याहून मोठा कोणताही सम पाया घ्या. शिखराची अंकबेरीज म्हणजे पायाहून एकने कमी संख्येचा वर्ग. हा वर्ग त्या पायात नेहमी दोन अंकी येतो: आधी पायाहून दोनने कमी असा अंक, मग १. तो ३२१ मधून गेला की २४० च उरते. मागच्या पिढीत तपासायच्या शक्यता दोनच राहतात, आणि त्या दोन्ही वर दाखवल्याच कारणाने हुकतात. बारा, सोळा, वीस, कोणत्याही सम पायात कागदावर मांडून पाहावे. पाया सम हवा याचे कारण असे की एकने कमी केल्यावर तो विषम राहतो, आणि मग दुपटीची बाकी शून्य असेल तर मुळाची बाकीही शून्यच असावी लागते. विषम पायात ही अट सुटते आणि आणखी शक्यता तपासाव्या लागतात.

हार्डींच्या आक्षेपाला यातून उत्तर मिळते. अंकांवर उभा असलेला प्रत्येक गुण लिपीचा अपघात नसतो. काही असतात, आणि ते तसेच म्हणावेत. विभाजक ४५ आले आणि ४५ ही कापरेकर संख्याही आहे, हा निव्वळ योगायोग. पण शेवटच्या शिखराचे हर्षद असणे आणि त्याचा जनक स्वयंभू असणे हे स्थानमूल्यपद्धतीचे म्हणजे लेखनरीतीच्या रचनेचे गुण आहेत. पाया बदलला तरी ते उरतात. कापरेकरांच्या कल्पनांना पुढे गणितात जागा मिळाली तीही याच कारणाने. १९८२ मध्ये उंबेर्तो झानिएर यांनी स्वयंभू संख्यांच्या वाटणीवर सिद्धता दिली: संख्या मोजत कितीही पुढे गेलो तरी त्यांतल्या स्वयंभूंचे प्रमाण शून्याकडे घसरत नाही, एका ठरावीक गुणोत्तराकडे जाते. एका मास्तरांनी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकेतल्या प्रश्नाला गणिताच्या शोधपत्रिकेत उत्तर मिळाले.

वर्गवारीचे मोल इथेच आहे. संख्येवर नाव चिकटवल्याने ज्ञान वाढत नाही. नाव दिल्यावर कोणते गुण एकत्र येतात, कोणते कधीच येत नाहीत, आणि कोणते पाया बदलला की गळून पडतात, हे विचारता येते. मोठी पदवी नसलेल्या, गावात बसून वाचणाऱ्या माणसालाही हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर स्वतः तपासण्याची मुभा गणित देते. त्यासाठी कोणाचे शिफारसपत्र लागत नाही. शाळेतल्या मुलाला सुट्टीत एखादी संख्या द्यावी, त्याच्या जन्मसालाचीच द्यावी, आणि विचारावे: हर्षद आहे का? तिचा जनक कोण? स्वयंभू तर नाही? चार अंकी सालासाठी फार तर चार वजाबाक्या लागतात. पाचवी करायची वेळ येत नाही, कारण चार अंकांची बेरीज छत्तीसच्या वर जात नाही. ही मर्यादा का पडते, हे ज्या मुलाला समजले, त्याला कापरेकरांची रीत समजली.